बडोद्यात हंसाबेनच्या मागावर

गुरुवार

बडोद्याला जायचं निमित्त लेकीचं. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घटना समितीत 15 स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एकेकीवर बोलायचं असं कॉलेजात ठरलं, चिठ्ठ्या टाकल्या, आणि हिच्या वाट्याला हंसा मेहता आल्या. सरोजिनी नायडू दुसऱ्याच मुलीला गेल्या म्हणून आधी घरात तोंड पाडून बसली. मग वाचायला लागली आणि एका रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आई, ही बाई बडोद्याची आहे. आत्याआजीला फोन लाव."

माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. दांडिया बाजारातल्या एका खांच्यात, म्हणजे बोळात, तिचं जुनं घर आहे, खाली ओटा, वर दोन माळे. फोनवर तिला कारण सांगितलं तर म्हणाली, "हंसाबेनसाठी येताय? यायचं तर माझ्यासाठी या, हंसाबेन काय, वाटेत दिसतीलच."

बोरिवलीहून सकाळची गाडी घेतली, दुपारी जेवायला बडोदा. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. स्टेशनबाहेर आल्यावर पहिलं लक्ष गेलं ते वर. उत्तरायण उलटून आठवडा झाला होता, तरी विजेच्या तारांवर, झाडांवर, दुकानांच्या पाट्यांवर फाटके पतंग लटकत होते. जानेवारीत जाणार असाल आणि दुचाकी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर गळ्याला जाड मफलर गुंडाळा. मांजाचे तुकडे सण संपल्यावरही कितीतरी दिवस लोंबकळत असतात. आम्ही रिक्षाच पसंत केली.

आत्याने उंधियू, पुरी आणि आमच्या माहेरची कोथिंबीर वडी असा बेत केला होता. बडोद्याच्या मराठी घरात हे असंच असतं, एकाच ताटात दोन राज्यं. बोलणंही तसंच. दारावर आलेल्या भाजीवाल्याशी गुजराती, माझ्याशी मराठी, आणि नातवावर ओरडताना दोन्हींतलं जे आधी तोंडाला येईल ते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सूरसागरकडे निघालो. तलावाच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती आहे, ती पाहायला गर्दी होती. आत्या मात्र आम्हाला बाजूला न्यायमंदिराच्या समोर घेऊन गेली. 1896 ची ही इमारत वर्षानुवर्षं न्यायालय म्हणून वापरात होती. तिला चिमणाबाईंचं नाव आहे. रावपुऱ्यातल्या घड्याळाच्या टॉवरलाही त्यांचंच. इथे बहुतेक पाहुण्यांचा घोटाळा होतो, कारण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राण्या चिमणाबाई दोन. न्यायमंदिर आणि टॉवर आहेत ते पहिल्या चिमणाबाईंच्या नावाने. त्या तंजावरच्या मोहित्यांची मुलगी, 1885 मध्ये ऐन तारुण्यात गेल्या. त्यांच्यासोबत तंजावरहून भरतनाट्यम करणाऱ्या कलावंतांचा ताफा बडोद्याला आला, म्हणून या शहरात ते नृत्य इतक्या आधीपासून रुजलं. दुसऱ्या चिमणाबाई देवासच्या घाटग्यांच्या. पडदा सोडणाऱ्या, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर 1911 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या त्या या.

लेकीला या दुसऱ्या चिमणाबाईंशी काही देणंघेणं नव्हतं, तिचं सारखं "हंसा मेहतांचं कुठे आहे?" चाललं होतं. आत्याने तिला तलावाकाठच्या एका कठड्यावर बसवलं आणि विचारलं, "तुझ्या हंसाबेन महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या ना?"

"हो, अखिल भारतीय महिला परिषदेच्या. 1946 च्या सुमारास. तेव्हाच स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार केली त्यांनी."

"मग त्या परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष कोण? 1927 मध्ये, तुमच्या पुण्यात?"

लेकीला ठाऊक नव्हतं. त्या दुसऱ्या चिमणाबाई. देशभरातल्या बायकांची ती परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षपदी बडोद्याची महाराणी होती, आणि वीसेक वर्षांनी तिथे बसली बडोद्याच्याच दिवाणाची मुलगी. लेकीने पिशवीतून वही काढली. त्यानंतर परतीच्या गाडीपर्यंत ती वही तिच्या हातातून सुटली नाही.

चिमणाबाईंनी 1914 मध्ये काढलेलं स्त्री उद्योगालय आजही चालू आहे. शिवण, खाद्यपदार्थ, बायकांना हाताला काम. आम्ही थोडे मसाले आणि एक कापडी पिशवी घेतली. बडोद्याहून न्यायला भेटवस्तू शोधत असाल तर मॉलमध्ये फिरण्यापेक्षा इथे जा, आणि दिवसा जा.

शुक्रवार

सकाळी चांगलीच थंडी होती. आत्याने मला तिच्या यजमानांचा जुना स्वेटर घालायला लावला आणि अकरा वाजता तोच हातावर घेऊन मी घामाघूम फिरत होते. बडोद्याचा जानेवारी असा आहे, एकावर एक कपडे घाला आणि काढत जा.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा म्हणजे मूळचं बडोदा कॉलेज. रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने बांधलेला तिचा घुमट लांबूनच दिसतो. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. फाटकावरच्या रखवालदाराने कुठे जायचं विचारलं. लेकीने कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, आत्याने गुजरातीत काहीतरी सुनावलं, आणि आम्ही आत. ओळखपत्र जवळ ठेवा, कामाच्या दिवशी जा आणि ग्रंथालयात बसून वाचायचं असेल तर आधी विचारून ठेवा.

या कॉलेजातून हंसाबेन 1918 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. जन्म सुरतेचा, 3 जुलै 1897. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण, आजोबा नंदशंकर मेहता गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे. सयाजीरावांनी 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. म्हणजे हंसाबेन नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या गावात मुलीला शाळेत न पाठवणं हा दंडाला पात्र गुन्हा होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या बायकांच्या गोष्टीत आपण नेहमी "वडिलांनी पाठिंबा दिला" एवढंच सांगतो. इथे वडिलांच्या मागे राज्याचा कायदा उभा होता.

त्या पुढे इंग्लंडला गेल्या, पत्रकारिता शिकल्या, तिथे सरोजिनी नायडूंची गाठ पडली. परत आल्यावर डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. त्या नागर ब्राह्मण, ते वाणी, आणि नागरांमध्ये त्यावरून गदारोळ. सयाजीराव मात्र या लग्नाच्या बाजूने उभे राहिले. जीवराज मेहता म्हणजे मुंबईच्या केईएमचे आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचे पहिले डीन, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. माझं शिक्षण परळच्या शाळेत झालं, केईएमच्या भिंतीला लागून रोज जायचे, पण ही जोडी माहीत नव्हती.

कला शाखेच्या व्हरांड्यात दगडाची जाळी आणि त्यातून पडलेलं ऊन, खाली जमिनीवर बसून मुलं नोट्स उतरवत होती. दोन मुलींना लेकीने विचारलं, हंसा मेहता माहीत आहेत का? एकीने लगेच हात करून ग्रंथालयाची दिशा दाखवली. दुसरी म्हणाली, "लायब्ररी ना?" विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसाबेनचं नाव आहे. म्हणजे नाव सगळ्यांना ठाऊक, बाई नाही. लेक खट्टू झाली. मला तितकं वाईट वाटलं नाही. रोज शेकडो मुलांच्या तोंडी "हंसा मेहतात बसतो, हंसा मेहतात भेट" असं नाव येत असेल तर पुतळ्याच्या डोक्यावर बसणाऱ्या कबुतरांपेक्षा ते बरंच म्हणायचं. आम्हाला त्यांचा पुतळा कुठे भेटलाही नाही. या शहरात पुतळ्यांची वाण नाही, तरीही.

ग्रंथालय प्रतापगंज भागात आहे. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून लेकीने आत्याला त्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची हकीकत सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात तेव्हा प्रतिनिधी म्हणून दोनच स्त्रिया होत्या, अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या हंसा मेहता. मसुद्याच्या पहिल्या कलमात "सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान" अशा अर्थाची इंग्रजी शब्दयोजना होती. त्यात स्त्रिया आल्याच, असं रूझवेल्टबाईंना वाटत होतं. हंसाबेननी हरकत घेतली, की काही देश याचा सरळ अर्थ लावतील आणि बायकांना वगळतील. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा तिथे "सर्व मानव" आले होते.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ती बाई इथे आली बघ. पॅरिस-न्यूयॉर्क सोडून आमच्या बडोद्याला, हजेरीपत्रकं आणि वसतिगृहाच्या तक्रारी बघायला."

हे खरं आहे. 1949 मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू. त्याआधी मुंबईत एसएनडीटीच्या कुलगुरू झाल्या होत्या, पण ते स्त्रियांचंच विद्यापीठ. इथे त्या 1958 पर्यंत होत्या.

जेवणाच्या वेळेला आत्याला तिची फॅकल्टी दाखवायची होती. ती 1970 च्या दशकातली होम सायन्सची पदवीधर. आता पाटीवर लांबलचक नाव आहे, फॅकल्टी ऑफ फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस, पण आत्या आणि तिच्या वयाच्या सगळ्या जणी होम सायन्सच म्हणतात. लेकीच्या चेहऱ्यावर आठ्या. फाटकातच म्हणाली, "हे मला पटतच नाही. बाहेर समानता म्हणून भांडायचं आणि इथे मुलींसाठी स्वयंपाकाची डिग्री काढायची?"

आत्या चिडली नाही. उलट तिला हा प्रश्न आयुष्यभर ऐकायची सवय असावी. चालता चालता बोलत राहिली. "स्वयंपाक मला माझ्या आईने शिकवला, त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. इथे मी प्रथिनं मोजायला शिकले. कुपोषित मुलाच्या दंडाचा घेर कसा मोजायचा, ज्वारी-बाजरीत स्वस्तात काय मिसळलं की पोर वजन धरेल, हे शिकले. मग सरकारी दवाखान्यात निवृत्त होईपर्यंत डाएटिशियन होते. माझ्या पगारावर हे घराचे दोन माळे चढले, तुझ्या आजोबांना विचार."

या फॅकल्टीत मानवी विकासाचा विभाग आहे आणि त्याची चेतन बालवाडी. लहान मूल कसं खेळतं, कसं बोलायला लागतं, हे पाहत विद्यार्थी शिकतात. आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिली, मुलं घरी जायची वेळ झाली होती. आत्याने आणखी एक नाव सांगितलं ते मी घरी येऊन ताडून पाहिलं. नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन बडोद्यात वाढले, इथेच भौतिकशास्त्र घेऊन 1971 मध्ये पदवीधर झाले. त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन बडोद्याला आले ते या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभारायला, 1955 मध्ये, म्हणजे हंसाबेनच्याच कारकिर्दीत. आई राजलक्ष्मी आहारशास्त्रात संशोधन करणाऱ्या, त्यांनी होम सायन्समध्ये शिकवलं. "स्वयंपाकाची डिग्री," आत्या लेकीकडे बघून म्हणाली. लेकीने वही काढली पण काही बोलली नाही. तिचं पूर्ण समाधान झालेलं नाही हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. मुलींसाठी म्हणून वेगळं दालन काढलं की मुलांना त्यात न यायची सोय होते, ही शंका उरतेच. पण 1950 साली घराबाहेर पडायला परवानगी न मिळणाऱ्या मुलीसाठी ते एक उघडं दार होतं, हेही तितकंच खरं. या भांडणाचा निकाल फाटकात उभं राहून लागणार नव्हता, म्हणून आम्ही जेवायला गेलो.

दुपारनंतर पुष्पबागेत, फाइन आर्ट्समध्ये. 1950 ला सुरू झालेली ही शाखाही हंसाबेनच्या काळातली. मार्कंड भट्ट पहिले डीन, चित्रकलेला आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधुरी. पुढे "बडोदा स्कूल" म्हणून जे नावाजलं त्याचा पाया इथला. झाडाखाली अर्धवट दगडी मुंडकी, गंजलेले पत्रे, मातीने माखलेले हात, आणि चहाच्या टपरीवर कलेपेक्षा भाड्याच्या खोलीवर जास्त चर्चा. मला इथे सगळ्यात जास्त आवडलं. कारण विचारलं तर सांगता येणार नाही, बहुधा कोणीच आम्हाला काही दाखवायला आलं नाही म्हणून.

शनिवार

ज्यांना लक्ष्मीविलास पाहायचा आहे त्यांनी अर्धा दिवस वेगळा ठेवा. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही.

सकाळी काळ्या घोड्यापासून सुरुवात. घोड्यावर सयाजीराव, समोर कमाटीबागेचं फाटक. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटीबाग सांगा, लवकर पोचाल. बागेला लागून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात खरोखरच मगरी आहेत. पुलावर लोक थांबून बघत असतात, आम्हाला एक दिसली, ओंडक्यासारखी पडलेली, हललीसुद्धा नाही.

बागेत संकल्पभूमी आहे. 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले, त्यांच्याच राजधानीत त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेल्यावर ते या बागेत एका वडाखाली बसून राहिले होते. चिमणाबाई, सक्तीचं शिक्षण, दिवाणाच्या मुलीच्या आंतरजातीय लग्नाला महाराजांचा आधार, हे सगळं कौतुकाने सांगताना हे ठिकाण वगळून पुढे जाता येत नाही. महाराज पुढे होते, गाव नव्हतं. लेक तिथे बराच वेळ थांबली. तीस वर्षांनी त्या वडाखाली बसलेला माणूस आणि दिवाणाची मुलगी एकाच घटना समितीत बसणार होते. हंसाबेन मूलभूत हक्कांच्या उपसमितीत होत्या. समान नागरी कायदा न्यायालयात मागता येईल असा हक्क व्हावा, असं त्यांनी, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानींनी मांडलं होतं. ते मान्य झालं नाही. आणि स्त्रियांसाठी राखीव जागा? त्यांना नको होत्या. 1937 च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीतही राखीव जागेवरून उभं राहायला त्यांनी नकार दिला होता. घटना समितीत तर स्पष्टच म्हणाल्या, आम्ही सवलती कधी मागितल्या नाहीत, आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा.

"हे त्यांना परवडत होतं," लेक म्हणाली. "दिवाणाची मुलगी."

मुलगी वकील होणार, यात आता मला शंका नाही.

बागेजवळच कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेली ही वास्तू, आणि आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं आयुष्य आणि रवींद्रनाथांच्या नाटकावरचं नटीर पूजा. चौघांत मीरेच्या भिंतीसमोर मी जास्त वेळ उभी राहिले. उजेड कमी असतो, ढगाळ दिवशी जाऊ नका.

आता सेव उसळ. बडोद्याला येऊन ती खाल्ली नाही तर आत्या घरात घेत नाही. पुण्या-नाशकाच्या माणसाला वाटतं ही मिसळ, आणि तिथेच फसगत होते. इथे वाटाण्याची पातळ उसळ, वर शेव, कांदा, हिरव्या लसणीची चटणी आणि वेगळ्या वाटीत लाल तरी. तरी आपल्या हाताने घालायची. लेकीने सवयीप्रमाणे पळीभर ओतली, मग तिला बोलताच येईना आणि आम्हाला जरा शांतता मिळाली. हिवाळ्यात गेलात तर संध्याकाळी पोंक शोधा, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेव आणि लिंबू पिळून. लीलो चिवडो घरी न्यायला घ्या, पण डबा कडक हवा, पिशवीत त्याचा भुगा होतो. आणि रावपुऱ्यातला दुलीरामचा पेढा.

रावपुऱ्यातच तांबेकर वाडा आहे. भाऊ तांबेकर हे एकेकाळचे बडोद्याचे दिवाण. लाकडी वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली रंगीत चित्रं. नऊवारीतल्या बायका, कृष्णलीला, लढाया. जिने अरुंद आहेत, गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी खालचा मजला पाहून समाधान मानावं.

खरी गंमत संध्याकाळी झाली. आत्याच्या समोरच्या घरात नव्वदी ओलांडलेल्या एक आजी राहतात. आत्याने त्यांना निरोप पाठवला होता की ठाण्याची पोर हंसाबेनबद्दल विचारायला येतेय. आजी इस्त्रीचं पातळ नेसून, खुर्चीत ताठ बसून वाट पाहत होत्या.

"मी 1955 ची बी. ए. आहे," ही त्यांची पहिली ओळ. नाव नंतर सांगितलं.

त्यांचे वडील सरकारी खात्यात कारकून. शाळेपर्यंत ठीक, पण मुलांबरोबर कॉलेजात मुलीला पाठवायची त्यांची तयारी नव्हती. आजीच्या मामांनी त्यांना एवढंच सांगितलं, की अहो, तिथला सगळा कारभार एका बाईच्या हातात आहे, दिवाणसाहेबांच्या मुलीच्या. "झालं. वडिलांची हरकत संपली. मुलीच्या जातीचं भलं बाई बघेल, अशी त्यांची समजूत. मी पुढे पाहिलं, भलंबिलं बघायला ती कुणाच्या मागे फिरत नव्हती. पण ती होती ना, त्या खुर्चीत. तेवढ्यावर मी चार वर्षं कॉलेजला गेले."

"तुम्ही त्यांना भेटलात?"

"भेटले कसली! पदवीदानाला लांबून पाहिलं. माझं सगळं लक्ष पदराकडे, वरून तो काळा झगा घातलेला, आणि पदर कुठे खोचायचा ते कुणी सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी सुनेला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली एक शालू, त्याच्या घडीत गुंडाळलेलं पदवीचं प्रमाणपत्र. कागद पिवळा पडला होता, कडा तुटायला आल्या होत्या. खाली कुलगुरूंची सही होती. लेकीने पुस्तकात, संकेतस्थळांवर जे जे वाचलं होतं ते सगळं एका बाजूला आणि ती शाईची सही एका बाजूला. तिने मोबाइल काढला.

"फोटो नको," आजी म्हणाल्या. "डोळ्यांनी बघ. फोटो काढून ठेवला की तुम्ही लोक परत कधी बघत नाही."

लेकीने मोबाइल ठेवला आणि प्रमाणपत्र ओळ न् ओळ वाचून काढलं. मोठ्याने वाच, असं आजींनीच सांगितलं. त्यांना आता अक्षर दिसत नाही.

रविवार, 26 जानेवारी

विद्यापीठ, संग्रहालयं यांच्या भेटी या दिवशी धरू नका. आम्हीही धरल्या नव्हत्या. सकाळी आठला खांच्यातल्या गणपती मंडळाच्या चौकात झेंडावंदन. मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त बँक अधिकारी, दोरी ओढायला पुढे आले. मुलांनी पताका लावल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या उरलेल्या पतंगांच्या.

राष्ट्रगीत झाल्यावर अध्यक्षांनी "पाहुण्यांपैकी कुणाला दोन शब्द?" असं शिष्टाचारापुरतं विचारलं. आत्याने लेकीला ढकललंच. तिने फार लांबवलं नाही. 14 ऑगस्ट 1947 ची रात्र, घटना समितीचं सभागृह. भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहाला अर्पण करायला हंसाबेन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या सभागृहावर फडकणारा पहिला ध्वज ही भारतीय स्त्रियांची भेट असावी हे उचितच आहे. "आणि या बाई इथे समोरच्या रस्त्याने कॉलेजला गेलेल्या आहेत," असं सांगून ती खाली उतरली. रस्ता नेमका तोच होता का, हे मला माहीत नाही, पण मी काही म्हटलं नाही.

टाळ्या झाल्या. मग फाफडा, जिलबी आणि संभारो. आजी खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी वरूनच अध्यक्षांना हाक मारली, "पुढच्या वर्षी दोरी हिच्या आत्याच्या हातात द्या हो. चाळीस वर्षं वर्गणी भरतेय ती." अध्यक्ष हसले आणि म्हणाले, बघू, कमिटीसमोर ठेवतो. आत्या म्हणाली, "कमिटीत मीही आहे."

दुपारच्या गाडीने निघालो. सुट्टीच्या दिवशीची परतीची तिकिटं आधीच काढून ठेवा, 26 तारखेला मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. पोंक सुरतेपर्यंतच टिकला, कारण लेकीने तो वाटेतच संपवला. वापीच्या आसपास तिने वही मिटली आणि विचारलं, एसएनडीटीला जायचं तर चर्चगेटला उतरायचं की मरीन लाइन्सला. तिथेही हंसाबेन कुलगुरू होत्याच. मी म्हटलं, चर्चगेट, पण आधी तू तुझं भाषण लिही.